उंचीची किंमत कुणी मोजायची?

आजच्या विषयाची सुरुवात परदेशातून करावी असं मनात होतं. पण गेल्या गणपतीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे जाणं झालं आणि सुरुवात बदलली. शनिवारवाड्याच्या तटापासून चालत दोन मिनिटांवर त्याचं घर आहे. घर म्हणजे जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या. आजोबांच्या वेळेपासूनचं भाडं. जिन्याखालच्या तुळईला लोखंडी टेकू लावलेला आहे आणि त्याच टेकूला आरतीच्या दिव्यांची माळ गुंडाळलेली होती. मी म्हटलं, "अरे, हे पाडून नवं का बांधत नाही?" तो म्हणाला, "सर, आम्हाला मजले नकोत. आहे तेवढंच पक्कं बांधू द्या म्हणतोय, पण तेही चालत नाही."

का चालत नाही? प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून चहूबाजूंनी १०० मीटर हा प्रतिबंधित भाग आहे आणि त्यापुढचे २०० मीटर हा नियंत्रित भाग. नियंत्रित भागात परवानगी घेऊन बांधता येतं. प्रतिबंधित भागात १९९२ च्या जूनआधीपासून उभ्या असलेल्या घराची डागडुजी करायला अर्ज करता येतो, पुनर्बांधणी मात्र करता येत नाही. कायद्यानं व्याख्याच तशी केली आहे. पूर्वी होतं तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीचं घर पुन्हा उभं करणं म्हणजे पुनर्बांधणी, आणि डागडुजीत ती धरत नाहीत. आता माती, लाकूड आणि विटांच्या वाड्याची डागडुजी एका मर्यादेपर्यंतच होते. त्यापुढे खांब बदलायचा तर भिंत उतरवावी लागते, भिंत उतरवली की वाडा उतरतो.

हा विद्यार्थी शनिवारवाड्याचा शत्रू नाही. लहानपणी तो दिल्ली दरवाज्यासमोर क्रिकेट खेळला आहे. शनिवारवाड्याचा परिसर मोकळा राहावा असं त्यालाही वाटतं. त्याचा प्रश्न एवढाच आहे की तो मोकळा ठेवण्याची किंमत या शंभर मीटरांतल्या लोकांनीच का मोजायची? मला तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटला, आणि उत्तर शोधायला इतिहासात जावं लागेल असंही वाटलं. म्हणून आजचं व्याख्यान.

पहिली गोष्ट. शहराच्या मध्यभागी इमारती किती उंच असाव्यात हा नियम जिथे जिथे झाला, तिथे सुरुवातीला वारसा वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं. वॉशिंग्टनचं उदाहरण घ्या. पुष्कळांना वाटतं की संसद भवनाचा घुमट झाकला जाऊ नये म्हणून तिथे उंच इमारतींना बंदी आहे. खरी हकीकत निराळी आहे. १८९४ मध्ये तिथल्या एका वस्तीत 'केरो' नावाची १६४ फुटी निवासी इमारत उभी राहिली. शेजारी चिडले. एवढ्या उंचीवर आग लागली तर बंबाचं पाणी पोचणार कसं, ही भीती होती. त्यातून आधी नियम आले, मग १८९९ चा कायदा आणि पुढे १९१० चा. १९१० च्या कायद्याचा गाभा सोपा आहे. समोरचा रस्ता जेवढा रुंद, त्यात वीस फूट मिळवा, तेवढी उंची. आणि त्यावर एक कमाल मर्यादा. म्हणजे ते गणित रस्त्याच्या रुंदीचं आहे, घुमटाचं नाही.

न्यूयॉर्कमध्ये कारण उजेडाचं होतं. १९१५ मध्ये खालच्या मॅनहॅटनमध्ये इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली. ३८ मजले, आणि पदपथापासून थेट सरळ वर. तिची सावली सात एकरांवर पडायची असं सांगतात. शेजारच्या इमारतींचा उजेड गेला, भाडी उतरली. १९१६ मध्ये शहरानं अमेरिकेतला पहिला शहरव्यापी झोनिंगचा नियम केला. वर चढा, पण चढताना मागे सरका. जुन्या न्यूयॉर्कच्या इमारती पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात त्या यामुळे.

इथपर्यंत न्यायाचा प्रश्न फारसा अवघड नाही. मी माझी उंची आवरतो, तू तुझी आवर. माझा उजेड वाचतो, तुझाही वाचतो. बंधन दोघांवर आणि लाभ दोघांना. आपल्या चाळीत नळाचं पाणी वाटून घेताना हेच होतं. हा देवाणघेवाणीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा टप्पा देखाव्याचा. लंडनमध्ये १९३० च्या कायद्यानं इमारतींची परवानगीची उंची वाढली आणि थोड्याच वर्षांत टेम्स नदीच्या बाजूनं सेंट पॉल्स कथीड्रल झाकलं जायला लागलं. १९३३ ची फॅरडे बिल्डिंग हे त्यातलं ठळक उदाहरण. कथीड्रलची देखभाल पाहणारे वास्तुविशारद गॉडफ्री ॲलन यांनी काय केलं, तर नदीकाठ, पूल, मोक्याच्या जागा इथे उभं राहून घुमट कुठून किती दिसतो याची मोजणी केली. तिथून दृष्टिरेषा आखल्या आणि आसपासच्या जागेवर चौकटी पाडून प्रत्येक चौकटीला तिची तिची उंची ठरवून दिली. कुठे जास्त, कुठे कमी. १९३७ पासून शहराच्या महापालिकेनं हे पाळायला सुरुवात केली. तेव्हा त्याला कायद्याचं बळ नव्हतं, समजुतीचा मामला होता. आज 'सेंट पॉल्स हाइट्स' म्हणतात ते हेच.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की ॲलन यांनी आधी डोळ्यांनी पाहिलं आणि मग आकडा लिहिला. अमुक ठिकाणाहून काय दिसायला हवं हे ठरलं, मग त्यासाठी अमुक घरानं किती आवरायचं ते ठरलं. घरमालकाला विचारता येतं की माझ्यावर ही मर्यादा का? आणि त्याला नकाशावर बोट ठेवून उत्तर देता येतं.

तिसरा टप्पा सगळ्यांत अवघड, तो आठवणीचा. पुन्हा न्यूयॉर्कला चला. तिथे १९१० साली बांधलेलं पेन्सिल्व्हेनिया स्टेशन होतं, रोममधल्या जुन्या स्नानगृहांच्या धर्तीवरचं, प्रचंड दालनांचं. रेल्वे कंपनी तोट्यात होती. स्टेशनाच्या डोक्यावरची हवा, म्हणजे वर बांधण्याचा हक्क, तिनं विकला. काही वास्तुविशारदांनी हातात फलक घेऊन निदर्शनं केली. पण थांबवणारा कायदाच नव्हता. १९६३ च्या ऑक्टोबरात पाडापाडी सुरू झाली. फलाट जमिनीखाली राहिले आणि वर मॅडिसन स्क्वेअर गार्डन आलं. शहराला इतका चटका बसला की १९६५ मध्ये वारसा इमारतींचा कायदा झाला आणि आयोग नेमला गेला.

त्या कायद्याची कसोटी लागली ती दुसऱ्या स्टेशनावर. १९१३ चं ग्रँड सेंट्रल. १९६७ मध्ये ते वारसा म्हणून जाहीर झालं. पुढच्याच वर्षी पेन सेंट्रल कंपनीनं मार्सेल ब्रॉयर या नामवंत वास्तुविशारदाकडून आराखडा करून घेतला : स्टेशनाच्या डोक्यावर ५५ मजली मनोरा. आयोगानं नकार दिला. कंपनी कोर्टात गेली. तिचं म्हणणं, भाडेपट्ट्यातून आम्हाला वर्षाला किमान तीस लाख डॉलर मिळणार होते. तुम्हाला स्टेशन सुंदर वाटतं ना? मग त्याची किंमत तुम्ही द्या. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली. स्टेशन वाचवण्यासाठी समिती झाली, जॅकलिन केनेडी ओनासिस तिच्यात पुढे होत्या. शेवटी १९७८ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन असा निकाल शहराच्या बाजूनं दिला.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्रेनन यांचा. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : स्टेशन आजही स्टेशन म्हणून चालतंय, मालकाला वाजवी उत्पन्न मिळतंय. शिवाय डोक्यावर बांधता आलं नाही तरी तो हक्क बुडालेला नाही. न वापरलेलं बांधकाम-क्षेत्र आसपासच्या दुसऱ्या भूखंडांवर नेता येतं. यालाच आपण पुढे टीडीआर म्हणायला लागलो, हस्तांतरणीय विकास हक्क. हवेतली जागा इथून उचलून तिथे ठेवायची.

पण माझ्या मते त्या निकालातला खरा विचार करायला लावणारा भाग आहे तो अल्पमताचा, न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचा. ते म्हणतात, शहरात दहा लाखांवर इमारती आहेत आणि तुम्ही त्यांतल्या सुमारे चारशे निवडल्यात. झोनिंगमध्ये बंधन सगळ्यांवर असतं आणि लाभही सगळ्यांना होतो. इथे लाभ साऱ्या शहराचा आणि ओझं मात्र चारशे जणांवर. मघाशी चाळीतल्या नळाबद्दल बोललो ना, तो हिशेब इथे जुळत नाही. पाणी सगळी चाळ भरणार आणि पट्टी एकाच बिऱ्हाडानं द्यायची, असा प्रकार झाला.

मी हे वर्गात शिकवत असे तेव्हा मुलं विचारायची, "सर, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" माझं उत्तर असं, की स्टेशन वाचलं हे बरोबरच झालं, बहुमताचा निर्णय मला मान्य आहे. पण प्रश्न अल्पमतानं बरोबर विचारला होता, आणि टीडीआर हे त्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं का होईना उत्तर होतं. ज्याच्याकडून घेतलं त्याला काही तरी परत दिलं पाहिजे, हे तत्त्व बहुमतानंही नाकारलं नाही.

आता ही कल्पना आपल्याकडे आली. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर आला. आणि १९९५ मध्ये मुंबईनं वारसा नियमावली केली. भारतातल्या शहरांत अशी ही पहिली. त्याआधी संरक्षण होतं ते पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना. लेणी, किल्ले, देवळं. लोक राहतात, कचेऱ्या चालतात अशा इमारती पहिल्यांदाच यादीत आल्या, सहाशेच्या वर. त्यांच्या श्रेणी ठरल्या आणि काही परिसरच्या परिसर वारसा म्हणून आखले गेले. फोर्ट, ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह यांचं आजचं रूप टिकलं त्यात या नियमांचा वाटा मोठा आहे. २०१८ मध्ये ओव्हलच्या पूर्वेच्या गॉथिक आणि पश्चिमेच्या आर्ट डेको इमारती मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. संध्याकाळी ओव्हलच्या मधोमध उभे राहा. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला एका उंचीत बसलेली १९३० च्या दशकातली गोलाकार गॅलऱ्यांची घरं. मधेच एक चाळीस मजली इमारत घुसली असती तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

पण मुंबईत एक गाठ होती जी न्यूयॉर्कच्या स्टेशनाला नव्हती. ग्रँड सेंट्रलला एक मालक होता, धनको कंपनी म्हणा, दिवाळखोर म्हणा, पण एकच. मुंबईच्या जुन्या इमारतीत मालक एक आणि भाडेकरू पन्नास. त्यात १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. त्या काळात ते गरजेचं होतं, युद्धानंतरची टंचाई होती. पण ते तसंच चालू राहिलं. मालकाला भाड्यातून जिन्याला रंग देणं परवडेना. भाडेकरूनं पागडी दिलेली, म्हणून तोही स्वतःला अर्धा मालक समजतो, पण खर्च करायचा तर म्हणतो घर मालकाचं. १९६९ मध्ये सरकारनं उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं. उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांवर. दुरुस्ती कितीशी पुरणार?

आणि एफएसआय. बेटावरच्या शहराला १.३३. गंमत म्हणजे गिरगाव-काळबादेवीच्या कितीतरी जुन्या इमारतींनी त्याहून जास्त क्षेत्र आधीच वापरलेलं. पाडून बांधायचं तर आहे त्याहून कमी बांधायचं. मग कोण बांधणार? म्हणून पुनर्विकासासाठी जादा एफएसआय दिला, आणि त्यातून गिरगाव-परळच्या चाळींच्या जागी मनोरे आले. बघा, दोन टोकं झाली. काही ठिकाणी मजलाही वाढवायचा नाही, तर काही ठिकाणी आकाश मोकळं. शहर म्हणून आपल्याला किती उंची हवी हे ठरवलं गेलं नाही. पैसा कुठून निघेल यावरून ते ठरत गेलं.

वारसा इमारतींच्या टीडीआरचं काय झालं? हक्क मालकाच्या नावावर. ज्याच्या डोक्यावर गळकं छप्पर, त्या भाडेकरूच्या हाती त्यातलं काही पडेल अशी रचना नाही. शिवाय टीडीआरच्या बाजारात झोपडपट्टी पुनर्वसनाच्या टीडीआरचा पूर आला. आणि एकूण टीडीआर उतरला तो मुख्यतः उपनगरांत. म्हणजे बेटावरच्या शहराचं ओझं अंधेरी-बोरिवलीच्या गल्ल्यांनी घेतलं, तिथल्या रस्त्यांना आणि गटारांना न विचारता. न्यूयॉर्कमध्ये तो हक्क निदान शेजारच्या भूखंडावर जाणार होता.

या सगळ्याचा परिणाम एकाच इमारतीत पाहायचा असेल तर काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल पाहा. १८६० च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे सुटे भाग आणून उभारलेली इमारत. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंचा चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवला गेला तो इथे. पुढे हॉटेल बंद झालं, नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं, दालनांचे तुकडे पडले, भाडेकरू आले. वारसा यादीत नाव, त्यामुळे पाडायची नाही. भाडं नाममात्र, त्यामुळे दुरुस्ती नाही. २००५ मध्ये एक भाग कोसळला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. ना उंच मनोरा आला, ना वारसा धड राहिला, ना माणसं राहिली. उंचीचा नियम तंतोतंत पाळला गेला, हेही खरं.

यातून मी जे शिकलो ते सांगतो. उंचीची मर्यादा हा एक प्रकारचा कर आहे. तो पैशात दिसत नाही म्हणून आपण त्याला कर म्हणत नाही. कर लावायला माझी हरकत नाही. चांगल्या गोष्टीसाठी शहरानं कर लावावा. पण कोणत्याही कराबद्दल आपण तीन प्रश्न विचारतो. कशासाठी? कुणावर, किती? आणि भरणाऱ्याला काय मिळतं? वारशाच्या बाबतीत आपण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या आवाजात देतो आणि उरलेल्या दोन प्रश्नांना गप्प बसतो.

तर आता कसबा पेठेत परत येऊ. शंभर मीटर हा आकडा अजिंठ्यालाही तोच आणि शनिवारवाड्यालाही तोच. डोंगरातल्या लेण्यांभोवती शंभर मीटर मोकळे ठेवणं आणि भर वस्तीतल्या वाड्याभोवती ठेवणं, यांत फरक नाही का? शनिवारवाडा १७३२ मध्ये पुरा झाला तोच मुळी वस्तीच्या मध्ये. भोवती पेठा, सरदारांचे वाडे, बाजार. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, तट आणि दरवाजे राहिले. भोवतालचे वाडे हा त्याच्या इतिहासाचाच भाग आहे. ते एकेक करून पडू दिले तर शनिवारवाडा वाचेल, पण तो ज्या पुण्यात होता ते पुणे वाचणार नाही. म्हणजे वारशाच्या नावानंच आपण वारसा घालवतोय.

तुम्ही म्हणाल, सर, नियम सैल केला की बिल्डर घुसणार. ही भीती खोटी नाही. मी स्वतः अशा सैल नियमांचे परिणाम गिरगावात पाहिले आहेत. माझं म्हणणं नियम सैल करा असं नाही, नियम मोजून करा असं आहे. लंडननं १९३७ मध्ये केलं तसं. दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहून काय दिसायला हवं, नदीच्या बाजूनं काय दिसायला हवं, ते ठरवा. त्यावरून प्रत्येक गल्लीची उंची ठरवा. आणि यासाठी नवा कायदाही लागत नाही फारसा. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करायची तरतूद २०१० च्या दुरुस्तीतच आहे. कायद्यात बदल लागेल तो एकाच ठिकाणी : जो राहतोय त्याला आहे त्याच पायावर, आहे त्याच उंचीचं घर पक्कं बांधू द्या. त्यानं शनिवारवाड्याचं काहीही झाकलं जात नाही, कारण ते घर आजही तिथेच आणि तेवढंच उभं आहे.

आणि ज्याला खरोखरच उंची सोडावी लागते त्याला शहरानं मोबदला द्यावा. टीडीआर द्या, घरपट्टीत सूट द्या, दुरुस्तीला पैसे द्या. पण त्यात भाडेकरूचा वाटा लिहून ठेवा, आणि तो टीडीआर कुठे उतरणार तिथल्या लोकांनाही विचारा. नाहीतर एका पेठेचा अन्याय दुसऱ्या उपनगरात नेऊन ठेवल्यासारखं होईल.

निघताना त्या विद्यार्थ्याच्या आईनं मला जिन्यापर्यंत सोडलं. म्हणाल्या, "सर, उतरताना कठड्याला धरू नका, भिंतीला धरा." चाळीस वर्षं त्या तशाच उतरताहेत. शनिवारवाड्याच्या तटाला मात्र कुणी हात लावला तर पहारेकरी शिट्टी वाजवतो. तटाची काळजी घेणारं कुणी आहे याचा मला आनंदच आहे. तेवढीच काळजी त्या जिन्याची घेणारा नियम आपल्याला लिहिता आला पाहिजे, इतकंच मला आज म्हणायचं होतं.

आता प्रश्न विचारा. पेठांत राहणारे कुणी असतील तर त्यांनी आधी.